दगडाच्या जागी दगड

१

सरांनी डबा उघडला तेव्हा मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, म्हणून मला सगळ्यांचे चेहरे एकदम दिसले. डब्यात कापूस होता. कापसात खळगा होता. आणि खळग्यात दगडी बाईच्या मूर्तीच्या जागी नुसता दगड होता, ओबडधोबड, वाटेवर पायाला लागतो तसा. त्याच्या एका बाजूला पिवळ्या रंगाचा पट्टा होता.

सरांनी मुद्दाम बोलावलेले पाहुणे अजून कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, हीच ती मूर्ती. जुन्या वस्तू अशाच असतात अशी त्यांची समजूत असावी. सरांनी डबा खाली ठेवला, चष्मा काढला आणि आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. मग खोलीतल्या सगळ्यांनीच आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. आमच्या खोऱ्यात लोक पायी हिंडायला येतात. डोंगराच्या कडेकडेने वाटा आहेत, वाटांवर फार जुन्या काळच्या माणसांनी उभी केलेली दगडांची वर्तुळं आहेत, आणि कोणी वाट चुकू नये म्हणून जागोजागी दगडांवर पिवळे पट्टे आहेत. ते पट्टे रंगवणं आणि वाटा सांभाळणं हे आमच्या ह्यांचं काम. त्यांच्या नखांतला रंग कधीच जात नाही, म्हणून सगळं खोरं त्यांना 'पिवळे' म्हणतं. वाटेच्या तोंडाशी जे विश्रामघर आहे ते मी चालवते. त्याच्या मागे एक दगडी खोली आहे. सर वर्तुळांजवळ खणतात आणि जे निघेल ते त्या खोलीत कुलपात ठेवतात. किल्ल्या दोन. एक सरांच्या गळ्यात, एक आमच्याकडे.

"पिवळे, तुमची किल्ली कुठे असते?" सरांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात. खिळ्याला."

"आणि हा दगड तुमच्या वाटेवरचा आहे?"

ह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "पट्टा तर तसाच दिसतोय," ते म्हणाले. खरं बोलायची ही खोड एक दिवस घर बुडवणार, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

"उद्या पुरातत्त्व खात्याचे साहेब येतायत," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ. "तोवर मूर्ती मिळाली नाही तर जे पाहिलं ते मला सांगावं लागेल. किल्ली जाईल, वाटांचं काम जाईल. मला फार वाईट वाटतंय, पिवळे."

आमचे हे चार माणसांत धड बोलत नाहीत. घरात बसले तर खुर्चीत पाहुण्यासारखे बसतात. वाटेला लागले की मात्र पाठ ताठ होते, शीळ वाजते. त्यांच्याकडून वाटा काढून घेतल्या तर मागे काय उरेल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"त्या दगडाला कोणी हात लावू नका," माझ्या मागून आवाज आला.

माझ्या जाऊबाई. आल्याच.

२

जाऊबाईंबद्दल आधीच सांगून टाकते: मला त्यांचा हेवा वाटतो. थोरल्या दिरांची बायको. सगळी नोकरी विमा कंपनीत झाली. कोणाचं दुकान जळलं, कोणाचे दागिने गेले, की दावा खरा की बनाव हे शोधून काढायला जाऊबाईंना पाठवायचे. निवृत्त झाल्या, गुडघ्यांना हवापालट हवा म्हणून चार दिवसांपूर्वी आमच्याकडे आल्या, आणि आल्या संध्याकाळीच माझ्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मी इतकी वर्षं सूप करते, आमच्या ह्यांनी कधी वाटी पुढे करून 'अजून वाढ' म्हटलं नाही. जाऊबाईंनी एक दिवस पातेल्यात डाव फिरवला तर म्हणे, वहिनी, आज चव आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण त्या दिवशी त्या आल्या याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

दगड त्यांनी ओसरीवर उजेडात नेला. "रंगाचा डबा कुठे असतो?"

"तुम्ही बसलाय त्या बाकाखाली. ब्रश पण तिथेच."

"म्हणजे किल्ली कोणालाही मिळते, रंग कोणालाही मिळतो. छान घर आहे तुमचं."

"आम्ही विमा उतरवला नव्हता ना, ताई."

त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. अंगठ्याचं नख पट्ट्याच्या कडेला लावून खरवडलं. पिवळ्या रंगाचा पापुद्रा सरळ उचलून आला आणि त्याच्या पाठीला करडं दगडफूल चिकटलेलं होतं, जुन्या दगडांवर चढतं ते.

"आता मला भाऊजींनी रंगवलेला पट्टा दाखव," त्या म्हणाल्या.

वाटेवरचा पहिलाच पट्टा फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. जाऊबाईंनी तिथेही नख लावलं. पट्टा ढिम्म हलला नाही, नख मात्र तुटलं. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"रंगवायच्या आधी भाऊजी काय करतात?"

"तारेच्या ब्रशने दगड घासतात. दगडफूल पार निघेपर्यंत. नाहीतर रंग टिकत नाही म्हणे. त्या खरखरीने माझे दात शिवशिवतात, म्हणून तर मी कधी त्यांच्याबरोबर वाटेला जात नाही."

"आणि हा पट्टा दगडफुलावरच फासलाय." जाऊबाईंनी तुटलेलं नख बघितलं. "हा भाऊजींनी रंगवलेला नाही."

"मग चला ना, सरांना सांगू."

"काय सांगणार? ते म्हणतील, एकदा घासायचा कंटाळा केला असेल. वस्तू कशी गेली हे सांगून कोणी ऐकत नाही गं. वस्तू समोर ठेवावी लागते." त्या फाटकाला टेकल्या. "एक मात्र कळलं. भाऊजींवर आळ यावा म्हणून कोणीतरी हा दगड घरात आणून रंगवला. किल्लीचा खिळा त्याला माहीत, रंगाचा डबा माहीत. हा वाटसरू नव्हे. तुझ्या टेबलावर जेवणारा माणूस आहे."

माझ्या टेबलावर रोज घरच्यांखेरीज तिघंच जेवत होती. सर, सरांची बायको आणि ती हसरी. मी मनातल्या मनात लगेच नाव घेऊन मोकळी झाले.

३

हसरी म्हणजे सरांच्या हाताखाली याच हंगामात आलेली संशोधक मुलगी. चहा दिला तरी हसते, चहा नाही दिला तरी हसते. सर ज्या खोऱ्यात केस पांढरे होईपर्यंत खापऱ्याच वेचत राहिले, तिथे हिला आल्या आल्या दगडी बाई सापडली. वीतभर उंचीची, पोटाशी हात घेतलेली, नाकाचं टोकसुद्धा शाबूत. आणि ती सापडली आमच्या ह्यांच्याबरोबर फिरताना. हा भाग मला जास्त झोंबला होता.

ती मोठ्या खोलीत खाटेच्या कडेला बसली होती. त्या दिवशी हसत नव्हती.

"पिवळेकाकांना मी विचारलं होतं, लोक कुठे जात नाहीत?" ती जाऊबाईंना सांगू लागली. "ते म्हणाले, चला दाखवतो. वर्तुळांच्या मागून एक जुनी वाट आहे, पट्टे नसलेली. झऱ्याने तिथली माती कापलीय. ती बाई तोंडावर पडली होती. आधी मला वाटलं कोणाचं खेळणं पडलंय."

पट्टे नसलेली वाट. इतक्या वर्षांत मला ह्यांनी कधी सांगितली नाही, आणि हिला 'चला दाखवतो'. मी खाटेवरची चादर उगीचच झटकली.

"तिथे सापडली यात विशेष काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"सगळंच. सर म्हणतात, ती माणसं वर्तुळांच्या अलीकडे राहायची. त्यांनी तिकडेच खणलंय कायम. बाई पलीकडे सापडली, मातीत चूल आणि राखसुद्धा दिसतेय. म्हणजे घरं पलीकडे असणार. उद्या साहेब तेच ठरवणार होते, पुढचं खणकाम कुठे करायचं आणि कोणाकडे द्यायचं. आता मूर्तीच नाही तर माझं कोण ऐकेल?"

"सरांशी पटतं तुझं?"

"सुरुवातीला माझं चुकलं. सर खड्डा बुजवायच्या आधी तळाशी बाटलीची बुचं टाकतात. मी हसत म्हणाले, आता कोणी बुचं टाकत नाही सर, आम्ही जाळी अंथरतो. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी थट्टा केली होती फक्त."

बाहेर आल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, "नाटक करतेय. हिनेच लपवली असणार."

"स्वतःची मूर्ती? स्वतःचं काम हातचं जावं म्हणून?"

"ह्यांना अडकवायला."

"का म्हणून?"

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली वाकून कोणाचे तरी बूट सरळ केले.

"या घरात हेवा इतका आहे," त्या म्हणाल्या, "की नेमका कोणाचा हे शोधणं जड जाणारसं दिसतंय."

४

सरांच्या बायकोला आम्ही नुसतं बाई म्हणतो. सर वस्तू काढतात, बाई त्यांची चित्रं काढतात. खिडकीपाशी टेबल, टेबलावर एक खापरी, हातात टोकदार पेन्सिल. बोलतानाही त्यांनी मान वर केली नाही.

"उजेड नेहमी डावीकडून, वरून धरायचा," जाऊबाई वाकून बघत होत्या म्हणून त्यांनी सांगितलं. "सगळीकडे असंच काढतात. म्हणजे बघणाऱ्याला खोल कुठे, उंच कुठे ते कळतं."

"मूर्ती तुम्ही शेवटची कधी बघितलीत?"

"गेल्या आठवड्यात. पाठीचं चित्र संपलं, मी ती डब्यात ठेवली. त्यानंतर आज सकाळपर्यंत डबा कोणी उघडला नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं."

"त्या मुलीबद्दल तुमचं काय मत?"

पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंनी ते फुंकरीने उडवलं. "चित्राखाली शोधणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. तिथे कोणाचं नाव घालायचं यावरून आमच्या खोलीत दोन दिवस अबोला होता. त्यापुढचं विचारू नका."

मी जाऊबाईंना कोपराने ढोसलं. हसरी नसेल तर बाई. जन्मभर नवऱ्याच्या खापऱ्यांची चित्रं काढली आणि नाव लागणार कालच्या पोरीचं. बाईंच्या जागी मी असते तर मूर्ती कुठे फेकली असती हेसुद्धा माझं ठरलं होतं.

सर खड्ड्यात होते. वर्तुळांच्या अलीकडे त्यांनी या हंगामात तीन खड्डे घेतलेत, सुरीने वडी कापावी तसे चौकोनी, काटकोनी. मूर्ती गेली तरी माणूस गुडघ्यावर बसून थापीने माती खरवडत होता. मला त्यांची कीव आली.

"पिवळे माणूस वाईट नाही," ते जाऊबाईंना म्हणाले. "मोह होतो एखाद्याला. त्या मुलीने नको तितकं डोक्यावर घेतलं त्यांना. खरं सांगू? मूर्ती तिथेच सापडली याला तरी काय पुरावा आहे? पिवळ्यांनीच कुठून आणून ठेवली असेल."

"तुम्ही फार काळजीने खणता," जाऊबाई खड्ड्याच्या कडा बघत म्हणाल्या.

सरांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "खणणं म्हणजे एकदाच वाचता येणारं पान. वाचता वाचता ते फाटतंच. म्हणून पुढे येणाऱ्याला फसवायचं नाही. मी खड्डा बुजवतो तेव्हा तळाशी आजच्या काळातलं काहीतरी टाकतो. बूच टाकतो साधं. शंभर वर्षांनी कोणी खणलं तर त्याला कळेल, इथवर आधीच कोणीतरी येऊन गेलंय. हे आजकालच्या मुलांना हास्यास्पद वाटतं."

परतताना जाऊबाई गुडघे धरून तीनदा थांबल्या. मी विचारलं, काही कळलं का? त्यांनी मान हलवली. दुपार कलायला लागली होती, साहेब सकाळीच येणार होते, आणि आमचे हे फाटकापाशी पाटी पुसत उभे होते, उद्यापासून ती दुसऱ्या कोणाला द्यायची असल्यासारखे.

५

स्वयंपाकघरात आल्यावर माझा पारा चढला. कांदे चिरायचे होते आणि सुरी जागेवर नव्हती. जाऊबाईंनी सुऱ्याही लांबीप्रमाणे लावल्या होत्या.

"या घरात माझी एक वस्तू जागेवर राहत नाही," मी म्हटलं. "तुम्ही डबे हलवता. वाटसरू चमचे नेतात. आणि ती हसरी माझं नारिंगी बूचसुद्धा घेऊन गेली."

"कसलं बूच?"

"त्या खिडकीतल्या बरणीतलं. सगळी बुचं पांढरी नाहीतर हिरवी, एकच नारिंगी होतं. कोणीतरी बाटली टाकून गेलं होतं. मला रंग आवडला म्हणून मी सगळ्यात वर ठेवलं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी बघते तर बरणीचं झाकण उघडं आणि नारिंगी बूच गायब. पिशवीला लावायला नेलं असेल तिने. असल्या रंगीबेरंगी गोष्टी लागतात तिला."

"तिनेच नेलं कशावरून?"

"दुसरं कोण नेणार?"

जाऊबाईंनी माझ्या हातातली सुरी काढून ओट्यावर ठेवली. "तू बुचं साठवतेस कशाला?"

"सरांसाठी. ते दर हंगामाच्या शेवटी मागतात ना, खड्डे बुजवायला."

"हंगाम संपला?"

"अजून कुठे? मघाशी तुम्ही खड्डे बघितलेत की उघडे."

एवढं बोलून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. चुलीवरचं पाणी उकळत होतं.

"मग बूच कुठल्या खड्ड्यात गेलं गं?" त्या म्हणाल्या.

मी खुर्चीवर बसले.

"मूर्ती फोडायचा सरांना धीर झाला नसणार," जाऊबाई सावकाश बोलू लागल्या. "तो हातच तसला नाही. घरात ठेवायची सोय नाही, बायको त्याच खोलीत. म्हणजे पुरली. कुठे पुरली असेल? जिथे कोणी पुन्हा खणणार नाही तिथे. अशी जागा कुठली?"

"जिथे आधीच खणून झालंय," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. जाऊबाईंनी नंतर सगळ्यांना सांगताना ते स्वतःच्या तोंडी घातलं, पण म्हटलं मी.

त्यांचे गुडघे चालेनात, म्हणून मी ह्यांना घेऊन निघाले. सरांचे जुने, बुजवलेले खड्डे वर्तुळांच्या उतारावर आहेत. गवत आलंय, पण माहितीच्या माणसाला चौकोन दिसतात. हे एका टोकाने बघत आले, मी दुसऱ्या. सगळ्यात जुन्या खड्ड्याच्या कोपऱ्यात मला तो दिसला: पाटाएवढा एक चौकोन, कडा सरळ, आणि त्या कडांवरचं गवत पिवळं पडलेलं. कोणीतरी मुळांसकट गवत कापून उचललं होतं आणि जसंच्या तसं परत बसवलं होतं.

ह्यांनी हात घालायला वाकताच मी त्यांचं मनगट धरलं. जाऊबाईंनी बजावलं होतं, उघडायचं ते साहेबांसमोर.

६

सकाळी साहेब आले. तब्येतीने जाडजूड माणूस, चढ बघूनच हिरमुसला. जाऊबाईंनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. दोघंही धापा टाकत वर आली, मागून सर, बाई, हसरी आणि आम्ही दोघं.

"इथे?" चौकोन बघून सर म्हणाले. चेहरा शांत होता, फक्त चष्मा काढून पुसायला लागले. "म्हणजे पिवळ्यांनी इथे पुरली तर."

"भाऊजींनी पुरली असती तर खड्डा जमेल तसा झाला असता," जाऊबाई म्हणाल्या. "हा काटकोनात आहे. गवत कापून परत बसवलंय. हे खणणाऱ्याचं काम आहे."

"मग या मुलीचं." सरांनी हसरीकडे बोट केलं, आणि ते करताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. ते मी रोज आरशात बघते. "मी म्हणतच होतो. हिला पहिल्या दिवसापासून सगळं फुकट मिळत गेलंय."

"तिने पुरली असती तर तळाशी जाळी असती. आणि बाई नुसती चित्रं काढतात, कधी खणत नाहीत." जाऊबाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, मी आत बघितलेलं नाही. या गवताला कालपासून कोणी हात लावलेला नाही. पण मी आधीच सांगते. मूर्ती निघेल, आणि मूर्तीच्या खाली बाटलीचं एक बूच निघेल. नारिंगी. माझ्या धाकट्या जावेच्या बरणीतलं."

सरांचा हात चष्म्यावरच थांबला.

ह्यांनी गुडघे टेकले आणि गवताचा चौकोन उचलून बाजूला ठेवला. मग बोटांनी माती उपसायला लागले. पिवळी नखं मातीत खुपसली गेली, तसे सर एकदम पुढे आले.

"असं नको. सावकाश. तिचं नाक ठिसूळ आहे."

सर स्वतःच खाली बसले. खिशातून ब्रश काढला आणि माती कडेकडेने सारू लागले. फडक्यात गुंडाळलेली दगडी बाई त्यांनी दोन्ही हातांनी वर काढली, फडकं सोडलं, नाक तपासलं आणि ती हसरीच्या हातात दिली. तिच्याकडे बघितलं मात्र नाही. मग परत हात आत घालून त्यांनी बूच काढलं आणि मातीवर ठेवलं. उन्हात ते फारच नारिंगी दिसत होतं.

"हे टाकलं नसतं, तर कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"न टाकता कसं बुजवणार?" सर म्हणाले. "पुढे कोणी खणलं असतं, तर मूर्ती याच थरातली समजून फसला असता."

"आणि आम्ही फसलो ते?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पिवळ्यांची भाकरी काढून घेताना हात अडला नाही तुमचा?" मग त्या माझ्याकडे वळल्या. कालचं माझं ढोसणं त्यांनी बघितलं असावं. "अबोला मी धरला नव्हता. चित्राखाली मी या मुलीचं नाव लिहिलं होतं. ह्यांनी ते खोडलं."

सर गुडघ्यावरच बसून राहिले. "मी इथे उमेदीची वर्षं घालवली," ते मातीला सांगितल्यासारखं म्हणाले. "ती फिरायला गेली. नुसती फिरायला गेली हो, हसत हसत."

हसरी रडत होती. मला तिचं रडणं त्या दिवशी खोटं वाटलं नाही.

७

साहेबांनी सरांच्या गळ्यातली किल्ली उतरवून घेतली आणि सरांना गाडीतून बरोबर नेलं. पुढचं खणकाम झऱ्याच्या बाजूला होणार, हसरीकडे. वाटा आमच्या ह्यांच्याकडेच राहिल्या. साहेब निघताना ह्यांचा हात हातात घेऊन काहीबाही बोलले. हे फक्त म्हणाले, "वहिनींमुळे झालं सगळं." मी शेजारीच उभी होते. माझी बरणी, माझं बूच, गवत बघितलं ते माझ्या डोळ्यांनी, आणि वहिनींमुळे.

तो राग मी दोन दिवस सांभाळला. तिसऱ्या दिवशी ह्यांना विचारलंच, "ती पट्टे नसलेली वाट तिला दाखवलीत. मला का नाही?"

ह्यांनी खरोखर विचार केला. "तिथे रंगवायचं काही नाही," ते म्हणाले. "घासायचंही नाही. तुझे दात शिवशिवणार नाहीत. चल की."

मी विश्रामघराला कुलूप लावलं आणि गेले. वाट काही फार मोठी नाही. झऱ्यापाशी बसून ह्यांनी शीळ वाजवली आणि मला पाणी दिलं. हसरीला पाणी दिलं होतं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं मात्र फार मनात होतं.

बाई सगळं सामान आवरून शेवटी गेल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात एक जाड कागद दिला. पेन्सिलीने काढलेलं बूच होतं. कडेची एकेक खाच, आत अडकलेला मातीचा कण, सगळं जिथल्या तिथे. उजेड डावीकडून, वरून. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं 'शोधणारी', आणि त्यापुढे माझं नाव. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही मिळून पूर्ण.

मी ते चौकटीत बसवलं आणि फडताळाशेजारी लावलं, डबे काढायला गेलं की दिसलंच पाहिजे अशा जागी.

जाऊबाईंनी चष्मा लावून ते बराच वेळ बघितलं. चित्र बघितलं, नाव बघितलं, परत चित्र बघितलं. मग वळून फडताळातला एक डबा उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

"उजवीकडची सावली जरा जास्त झालीय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांना माझ्या हाताने दोनदा सूप वाढलं.